ओळख पटेना

आमच्या जाफराबादेत खेळणा पूर्णेला मिळते आणि पुढे नुसती पूर्णाच वाहते. घरच्या संगणकातल्या दोन डिस्कांचा माझ्या पुतण्याने असाच संगम घडवला होता. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उमटतं. एक गेली तरी दुसरी संसार चालवते. याला रेड म्हणतात. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी ‘स्वस्त’ डिस्कांची ही मोट मांडली. पुढे धंदेवाल्यांनी ‘स्वस्त’ खोडून ‘स्वतंत्र’ केलं. बिल पाहिल्यावर मला कारण कळलं.

एवढा थाट कशासाठी? तर आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या. २२ मिनिटं. उद्या तिचं वर्षश्राद्ध, बहिणी ऐकायला येणार, आणि लिनक्स म्हणतो, एमडी शून्य नावाचं इथे कुणी राहत नाही! ज्या तिसऱ्या डिस्कवर तो स्वतः राहत होता ती आदल्याच आठवड्यात बसली, म्हणून नवीन डिस्कवर मी तो पुन्हा घातला होता. हा त्याचा परिणाम.

मी झाकण उघडलं, वायरी दाबल्या, फुंकर मारली. हिने ‘नारळ फोडू का?’ असं विचारलं. शेवटी जुन्या डायरीत पुतण्याने टिपलेली एमडीॲडमची ‘क्रिएट’ आज्ञा सापडली. अक्षर न अक्षर टाइप केली. एंटर दाबणार, पण कारकुनी सवय. वरिष्ठांची मंजुरी असावी म्हणून पुण्याला फोन लावला.

‘काका, आधी हात वर करा!’ पुतण्या ओरडला. ‘क्रिएट म्हणजे नवीन खातं उघडणं. जुनं मोडीत निघेल, आणि तेही दोन्ही डिस्कांवर सारखंच! आरसा म्हणजे बॅकअप नव्हे.’

खात्याची भाषा निघाल्यावर माझं डोकं चालू लागलं. त्याने सांगितलेली एमडीस्टॅट ही फाइल पाहिली. मंडळी हजर! समोर दोन यू, म्हणजे दोघींची प्रकृती उत्तम. नाव मात्र एमडी १२७. नव्या लिनक्सच्या ‘एमडीॲडम कॉन्फ’ नावाच्या वहीत या जोडीची नोंदच नव्हती, आणि अशा अनोळखी पाहुण्यांना १२७पासून उलट्या क्रमाने टोकन मिळतं. म्हणजे ग्राहक खिडकीसमोर उभा आणि मी भलत्याच नंबराच्या नावाने ओरडतोय. बँकेत हे मी बरेचदा करतो, पण तेव्हा मी खिडकीच्या आत असतो.

जोडीचा यूयूआयडी, म्हणजे आमच्या भाषेत कायमचा ग्राहक क्रमांक, वहीत चढवला. इनिटरामएफएस ताजं केलं. संगणक पुन्हा सुरू केला.

रात्री पावणेबाराला फाइल उघडली. ओवीच्या आधी आईचा आवाज आला, ‘चालू झालं का रे ते? नीट बघ, तुला काही कळत नाही त्यातलं.’

हिने मान डोलावली.