पाण्याचे माहेर

आमच्या घरात सहलीचा बेत ठरला की आधी वाद होतो आणि मग महाबळेश्वर ठरते. यंदा मात्र आमच्या सौभाग्यवतीने मोडता घातला. "भोरला आत्या आहे. पंचाहत्तरी उलटली तिची. लग्नाला इतकी वर्षं झाली, एकदा तरी नेलंत का मला?" या प्रश्नाला उत्तर नसते, हे विवाहित वाचकांना सांगायला नको. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मोटार भाड्याने घेऊन आम्ही सहकुटुंब निघालो.

कात्रजचा बोगदा, खेड-शिवापूर, नसरापूरचा फाटा असे करीत कापूरहोळला सातारा रस्ता सोडला, की देश आणि कोकण यांच्यामधला एक वेगळाच मुलूख लागतो. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून डोंगरांची बोटे पूर्वेकडे पसरली आहेत आणि दोन बोटांच्या बेचक्यात एकेक नदी, एकेक खोरे. हेच ते मावळ. भोरजवळचे हिरडस मावळ नि रोहिडखोरे, त्याच्या उत्तरेस वेळवंड खोरे, पलीकडे वेल्ह्याच्या बाजूला गुंजण मावळ आणि कानद खोरे. पश्चिमेच्या कड्यावर धो धो पाऊस पडतो आणि ते पाणी या खोऱ्यांतून पूर्वेकडे धावते. या मुलखाचा सगळा इतिहास एवढ्या भूगोलात आहे.

भोर गाव नीरेच्या काठी आहे, आणि आत्याबाईंचे घर राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर. चहा होताच त्यांनी आम्हाला वाड्याकडे पिटाळले. दगडी जोते, प्रशस्त चौक, लाकडी खांबांच्या ओळी. सिनेमावाल्यांनी हा वाडा इतक्यांदा पडद्यावर आणला आहे, की पहिल्यांदा पाहणाऱ्यालाही तो ओळखीचा वाटतो. इथला रामनवमीचा उत्सव अजून प्रसिद्ध आहे. भोरच्या पंतसचिवांचे संस्थान सुमारे नऊशे चौरस मैलांचे. अष्टविनायकांतले पालीदेखील त्यातच होते. १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झाले.

या घराण्याचे मूळपुरुष शंकराजी नारायण. छत्रपती राजाराम महाराजांनी त्यांना सचिवपद दिले. १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा पंतांपुढे पेच पडला. ताराबाईंना दिलेला शब्द पाळावा, की वडील शाखेच्या वारसाला मान द्यावा? पंतांनी आंबवड्याला जलसमाधी घेतली, असे सांगतात. शाहू महाराजांनी मात्र राग धरला नाही. त्यांच्या लहानग्या मुलाकडे सचिवपद कायम ठेवले. आंबवडे भोरपासून जवळच आहे. तिथे नागेश्वराचे देऊळ आहे आणि कारीच्या कान्होजी जेध्यांची समाधीही. अफझलखान चालून आला तेव्हा वतनावर पाणी सोडून शिवरायांच्या मागे उभे राहिलेले हेच ते कान्होजी. पावनखिंडीचे बाजीप्रभू हिरडस मावळचे देशपांडे, आणि येसाजी कंक वेळवंड खोऱ्यातल्या भुतोंड्याचे. एवढ्याशा मुलखाने स्वराज्याला किती माणसे दिली, हे मोजत बसलो तर हा अंक पुरायचा नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई स्वतः आमच्या मोटारीत बसल्या. "चला, म्या दावते," म्हणाल्या. पहिल्यांदा भाटघर. १९२८ साली पुरे झालेले हे दगडी धरण वेळवंडी नदीवर आहे. पोटात साडेतेवीस टी.एम.सी. पाणी. जलाशयाला नाव येसाजी कंकांचे. मी कौतुकाने पाहत असता आत्याबाई म्हणाल्या, "ज्येचं खोरं बुडालं, त्येचंच नाव पान्याला दिलंया." उन्हाळ्यात पाणी आटले की कांबऱ्याचे जुने शिवमंदिर उघडे पडते आणि लोक दर्शनाला जातात. पाऊस आला की देव पुन्हा पाण्याखाली! इथले पाणी कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण भागांतल्या उसाला जाते. नीरेवर भोरच्या वरच्या अंगाला नीरा देवघर हे आणखी एक धरण आहेच.

तिथून माघारी नसरापूरला येऊन वेल्ह्याची वाट धरली. डावीकडे राजगड, समोर तोरणा. राजगड म्हणजे महाराजांची पंचवीसएक वर्षांची राजधानी. तोरणा चौदाशे मीटर उंच, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. वेल्हे त्याच्या पायथ्याशी आहे. तालुक्याला राजगड नाव द्यायला मंत्रिमंडळाने २०२४ साली मान्यता दिली, पण आत्याबाईंच्या तोंडी अजून वेल्हेच. शेतांत भात कापणीला आला होता आणि मोटारीच्या खिडकीतून त्याचा ओलसर वास येत होता.

पाबे घाट ओलांडून आम्ही पानशेतला आलो. इथे वाटेत कोणी बोलेना. आमच्या सासऱ्यांचे गाव या धरणात गेले, हे मला लग्नापासून ठाऊक होते. "गाव कुठलं?" असे विचारले की सासरे "पाण्यात" म्हणत, आणि मला तो विनोद वाटे. आंबी नदीवरचे हे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, खडकवासलाही फुटले आणि पुण्यात हाहाकार झाला. आम्ही पुणेकर त्या पुराच्या गोष्टी अजून सांगतो. कुठपर्यंत पाणी आले होते त्याच्या खुणा दाखवतो. त्याच धरणापायी ज्यांना घरदार सोडावे लागले, त्यांची गोष्ट मात्र आमच्या घरातही कोणी विचारली नव्हती.

आत्याबाईंनी पाण्याच्या मध्यावर बोट धरले. "थितं आमचा आंबा व्हता. त्येच्या अंगाला घर. तुझ्या बापानं निघताना उंबऱ्याची माती फडक्यात बांधून घ्येतली व्हती." सौ. काही बोलली नाही. पदर सावरीत पाण्याकडे पाहत राहिली.

मला मात्र राहवले नाही. "आता हे पाणी सगळं पुण्याला येतं, आत्याबाई."

"तर वो, जावईबापू," त्या हसून म्हणाल्या. "तुमच्या नळाला येतं ना, ते माज्या म्हायेरचं पानी. पोरीला म्हायेर न्हाई म्हनू नका."

आमच्याकडे नळाला पाणी अर्धा तास उशिरा आले, की मी महानगरपालिकेचा उद्धार करतो. पहाटे बादली भरून वाहत असली, तर मात्र माझ्या लक्षात येत नाही. त्या दिवशी परतताना मी गप्प होतो, आणि मुलांना वाटले, बाबांना घाट लागला.

भाऊबीजेला सौ.ला भाऊ नाही, म्हणून दरवर्षी ती चंद्राला ओवाळते. यंदा आत्याबाईंनाच पुण्याला आणायचे ठरवले आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे घंगाळ भरताना नळ वाहता ठेवायचा नाही, असेही मी मनाशी ठरवले आहे. सासुरवाडीची वस्तू आहे, जपून वापरायला हवी.