आईची फाइल

आमच्या घरी कपाटाच्या वरच्या फळीवर एक जाडजूड फाइल आहे. आईची. एक्स-रे, सीटी, एमआरआय, सीड्या, बिलं, सगळं त्यात कोंबलेलं. ऑफिसात मी दिवसभर लोकांच्या डेटाचे रिपोर्ट बनवते. घरातला हा डेटा मात्र कधी उघडून पाहिला नव्हता. त्याचीच ही गोष्ट.

२०२३ च्या गणपतीत आईनं पाण्याची बादली उचलली आणि पाठीत ‘कट्’ झालं. बादली अर्धीच भरलेली. आई चौसष्टची, रोज सकाळी फिरायला जाणारी. उसण भरली असेल म्हणून आम्ही शेक, बाम, पट्टा सगळं केलं. आठवड्यानं एमआरआय काढला, तर पाठीचा बारावा मणका चेपलेला!

मग कायफोप्लास्टी. मणक्यात फुगा सरकवून जागा करायची आणि तिथे सिमेंट भरायचं. घर बांधायचं नव्हे हं, हे एक प्रकारचं ॲक्रिलिक असतं. दुसऱ्या दिवशी आई स्वतःच्या पायांनी बाथरूमला गेली. मी ऑफिसात पेढे वाटले.

हाडांची घनता मोजणारी डेक्सा टेस्टही झाली. कंबरेचा टी-स्कोअर उणे १.८. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, हे मी नेटवर वाचलेलं. म्हणजे आपण पास! कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन आम्ही घरी.

फेब्रुवारीत सोफ्यावरून उठताना आई परत कळवळली. या वेळी लगतचा खालचा मणका, कमरेचा पहिला.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नव्या रिपोर्टआधी विचारलं, ‘जुन्या सीड्या आहेत?’ फाइल निघाली. आईला २०२२ मध्ये मुतखडा झाला होता, तेव्हाचा पोटाचा सीटी त्यात होता. डॉक्टरांनी स्क्रीनवर तोच मणका शोधला आणि त्याच्या आतल्या जाळीदार भागावर माऊसनं एक गोल काढला. आकडा आला ८२.

‘हे हाउन्सफिल्ड युनिट. पाणी शून्य, हवा उणे हजार. या मणक्यात १६० च्या वर असेल तर सहसा काळजी नसते. ११० च्या खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिसचा दाट संशय.’

‘मग डेक्सा कसा बरा आला?’

‘कंबरेचा डेक्सा म्हणजे एकावर एक पडलेली सावली. वयानुसार मणक्याच्या कडेला वाढलेलं हाड, रक्तवाहिनीत साठलेला चुना, सगळं त्यात धरलं जातं. आकडा फुगतो.’

मग पहिल्या फ्रॅक्चरचा एमआरआय. हाड विरळ झालं की आतली चरबी वाढते आणि एका प्रकारच्या चित्रात ती चमकते. मणक्यांच्या चमकेला शेजारच्या पाण्याच्या चमकेनं भागायचं. हा झाला व्हीबीक्यू स्कोअर. अमेरिकेतल्या सर्जन मंडळींनी २०२० च्या सुमारास मांडलेला. जितका जास्त, तितकं हाड कमकुवत. आईचा तीनच्या वर होता. सिमेंट भरल्यावर पुन्हा मणका मोडणाऱ्यांमध्ये हा स्कोअर जास्त आणि सीटीचा आकडा कमी असल्याचं पुढच्या अभ्यासांत दिसलं आहे. ‘पण मशीन बदललं की स्कोअर बदलतो,’ डॉक्टर म्हणाले. ‘ही नुसती सूचना समजा, भविष्य नव्हे. आणि खरं सांगू? अर्ध्या बादलीनं मणका मोडला, तिथंच निदान झालं होतं. मग टी-स्कोअर काहीही असो.’

मला संताप आला. कोणीच कसं सांगितलं नाही? पण सीटी काढला होता खड्ड्यासाठी नव्हे, खड्यासाठी. रिपोर्टही खड्यावरच लिहिलेला. सिमेंटनं एक मणका सावरला, बाकीच्यांचं काय, हे मीही विचारलं नव्हतं. पेढे वाटायची घाई झाली होती ना!

मग हाड बांधणारं टेरिपॅराटाइड सुरू झालं. रोज एक इंजेक्शन, पोटावर, आईनं स्वतःच टोचायचं. पहिल्या दिवशी तिचा हात थरथरला, माझा तिच्याहून जास्त. तेव्हापासून नवा मणका मोडलेला नाही. गॅरंटी कोणी देत नाही, पण आता निदान बाकीच्या मणक्यांकडे कोणाचं तरी लक्ष आहे.

या वीकएण्डला मॉलला जाण्याआधी आईची फाइल काढा. तिची उंची कमी झालीये का बघा. जुना सीटी असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, ‘यात हाडं कशी दिसतात?’ सीटी आधीच काढलेला असतो, फक्त विचारायचं राहून जातं.

परवा लॅपटॉपवर त्याच सीड्या बघत होते. आई मागून म्हणाली, ‘अगं, माझ्या मणक्यांचे फोटो किती बघशील? आधी तू नीट ताठ बस!’