हात किती तयार आहे, ते आता दिसतं!

"सोनोग्राफी येते का?" असं कुणी विचारलं की आम्हा डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं: "हो, बऱ्याच केल्यात." पण किती केल्या यावरून कशा केल्या हे कसं कळणार? याचं उत्तर मला एका व्हीआर हेडसेटमध्ये सापडलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे!

हेडसेट चढवला आणि आजूबाजूची खोली नाहीशी झाली. समोर कॅज्युअल्टी, खाटेवर अपघातातला पेशंट, शेजारी सोनोग्राफी मशीन. हातातला कंट्रोलर हाच प्रोब. करायची होती 'फास्ट' तपासणी, म्हणजे आत कुठे रक्त साचलंय का ते शोधायचं. जागा चार: उजवीकडे लिव्हर आणि किडनीमधली फट, डावीकडे प्लीहेभोवती, ओटीपोटात मूत्राशयामागे आणि हृदयाच्या आवरणात. मी प्रोब टेकवला, किंचित कलवला, आणि पडद्यावरचं चित्र त्याच क्षणी हललं! करडं लिव्हर, किडनीची कड आणि दोघांच्या मधे काळी रेघ. रक्त! पेशंट आभासी आहे हे पक्कं माहीत असूनही छाती धडधडली.

आणि खरी कमाल तर पुढेच आहे. मी रक्त शोधत होते तेव्हा यंत्रणा माझा हात टिपत होती! प्रोब कुठे टेकला, कसा कलला, वेळ किती लागला, एखादी जागा राहून गेली का. थोडंसंच रक्त असेल तर ते लिव्हरच्या खालच्या टोकापाशीच दिसू शकतं. प्रोब एका जागी धरून ठेवला, पंख्यासारखा फिरवला नाही, तर ते निसटतं. डावीकडे प्रोब पुरेसा पाठीकडे नेला नाही तर प्लीहा नीट दिसतच नाही. नवखा हात अडतो तो नेमका इथेच, आणि ते अडणं इथे लपत नाही.

शिवाय न्याय बघा! वॉर्डात एकाच्या वाट्याला सडपातळ पेशंट येतो, दुसऱ्याच्या वाट्याला गॅसने फुगलेलं पोट. इथे सगळ्यांना तोच पेशंट, तेवढंच रक्त. आणि परीक्षेपायी कुणा जखमी माणसाच्या दुखऱ्या पोटावर पुन्हा पुन्हा प्रोब दाबायला नको.

मग मी झपाटल्यासारखी वाचत सुटले. सोनोग्राफीचं कौशल्य कसं पारखायचं, या विषयाचा डेन्मार्कच्या संशोधकांनी केवढा पाठपुरावा केलाय! त्यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या शाखांतल्या तज्ज्ञांचं एकमत घेऊन 'ओसॉस' नावाचे निकष ठरले, ते २०१३ साली प्रसिद्ध झाले: तपासणीचं कारण, यंत्राची जाण, चित्र सुधारणं, क्रमवार तपासणी, चित्राचा अर्थ, नोंद आणि उपचाराचा निर्णय. पुढे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कोपनहेगनच्या एका अभ्यासात दिसलं की सिम्युलेटर भाराभर गोष्टी मोजतो, पण नवखा कोण आणि तज्ज्ञ कोण हे त्यातल्या काहीच सांगतात. तेवढ्याच परीक्षेसाठी घ्यायच्या!

पास-नापासची रेषा ठरवायची पद्धत वाचून तर मी थक्क झाले. नवख्यांना आणि तज्ज्ञांना तीच परीक्षा द्यायची, आणि दोन्ही गटांच्या गुणांचे आलेख जिथे एकमेकांना छेदतात तिथे रेषा आखायची. किती सरळ, किती सुंदर! त्यात कुणाची मर्जी नाही, कुणाचा वशिला नाही.

कंट्रोलरला पेशंटच्या अंगाचा दाब जाणवत नाही, जेलवरून सरकणंही नाही. ते शिकायला सीनियरच्या नजरेखाली खरा पेशंट हवाच. पण त्या पेशंटपर्यंत पोचण्याआधीची ही पायरी आता आपल्याला घालता येते! माझं मागणं एवढंच: रात्रपाळीत एकट्याने प्रोब उचलण्याआधी प्रत्येक रेसिडेंटने ही परीक्षा द्यावी, अडेल तिथे सराव करावा, पुन्हा द्यावी. आत रक्तस्राव होत असलेल्या माणसाकडे वेळ नसतो. त्याच्यावर टेकणारा हात आधीच पारखलेला असण्याचा त्याला हक्क आहे.