नरनाळ्याच्या पायथ्याशी

दादा आणि वहिनी, दोघेही मास्तरकीतून निवृत्त. मुले शहरात, घरात तिसरा जीव म्हणजे मोत्या कुत्रा. गेल्या हिवाळ्यात या तिघांच्या मोटारीत मीही बसलो. अमरावतीहून परतवाडा, अंजनगाव, अकोट. वाटेत पानमळा किंवा वेचणीचा कापूस दिसला की मी गाडी थांबवायला सांगे. खात्याची सवय, दुसरे काय!

शहानूरच्या फाटकावर वनरक्षकाने मोत्याला अडवले. नरनाळा किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतो, आणि कुत्र्याचे रोग रानातल्या जनावरांना लागतात. वाघही त्यातून सुटत नाही. दादा चिडले. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "तुमी जा वर. मी बसतो याच्यापाशी."

महाकाली दरवाजाचे कोरीव काम पाहून डोळे निवले. शक्कर तलावापाशी मात्र दादा गप्प झाले. कुत्रे चावलेल्याने इथे गूळ-चणे खावेत अन् मागे न पाहता गड उतरावा, अशी जुनी समजूत आहे. वहिनींचा धाकटा भाऊ पिसाळलेले कुत्रे चावूनच गेला. गावातल्या झाडपाल्यावर ठेवला होता. म्हणून मोत्याची दरवर्षीची लस त्या चुकू देत नाहीत.

मंडळी, चावा झाला की जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. डॉक्टर सांगतील तितकी इंजेक्शने पुरी करा. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर इलाज उरत नाही.

खाली आलो तेव्हा वहिनी मोत्याला भाकरी चारत होत्या.

"पाह्यलं का तळं?" त्यांनी विचारले.

दादा नुसते "हं" म्हणाले आणि गाडी सुरू केली.