कडेवरचं नाव

चांदीचा बिल्ला. पुढे पंचम जॉर्जचं मुंडकं, मागे घोड्यावर उघडाबोडका पुरुष, टापांखाली गरुडाची ढाल. १९१४ आणि १९१८. व्यास ३६ मिलिमीटर, चांदी तीस ग्रॅमच्या आसपास. तो पुरुष म्हणजे सेंट जॉर्ज. पण एका घरात हा बिल्ला देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकाशेजारी हळदीकुंकवात बसलेला पाहिला, आणि त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही. घोडा तोच, चांदी तीच.

इंग्रज सरकारने पहिल्या महायुद्धाचे असे पासष्ट लाखांच्या आसपास बिल्ले वाटले. मजूर पलटणीतल्या हिंदी माणसांना तोच बिल्ला, पण काशाचा. १९८० साली चांदीचा भाव भडकला तेव्हा जगभर हे बिल्ले मुशीत गेले. आपल्याकडे त्याआधीही जातच होते. लग्न निघालं, दुष्काळ पडला, की आजोबांची लढाई सराफाच्या काट्यावर. काशाचे मात्र वाचले. त्यांना मोडीतही कोणी विचारत नव्हतं. अशा नाहीशा होत चाललेल्या वस्तूंची ही यादी.

कड. हा बिल्ल्याचा सगळ्यात दुर्लक्षित भाग, आणि माझ्या मते तोच खरा बिल्ला. कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण, इंग्रजी अक्षरांत ठोकलेलं. 'मराठा'चं स्पेलिंग जुन्या पद्धतीचं, 'म'नंतर एक आगाऊ 'एच'. शिपायाच्या नावाचं स्पेलिंग कारकुनाच्या कानाला आलं तसं. गाव नाही, बापाचं नाव बहुधा नाही. नंबरही पलटणीपुरता, त्यामुळे एकच नंबर कितीतरी माणसांचा. तरी नाव आहे.

हे 'तरी' का महत्त्वाचं, ते बसऱ्याला कळतं. तिथलं स्मारक १९२९ सालचं, मेसोपोटेमियात मेलेल्या आणि थडगं न सापडलेल्या चाळीस हजारांहून अधिक जणांचं. गोऱ्या सैनिकांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांची पलटणवार संख्या दिली, नावं नाहीत. मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी तिथल्याच कुत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होत्या. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ ला, कुत पडलं. तिथून कैदेत चालत नेलेल्यांपैकी किती परत आले ते त्या स्मारकाच्या आकड्यांना विचारावं. १९९७ साली इराकी सरकारच्या हुकमाने ते आख्खं स्मारक उचलून बत्तीस किलोमीटरवर वाळवंटात नेलं. आकडेही सोबत गेले.

ताटली. काशाची, बारा सेंटिमीटरची, मेलेल्याच्या घरी आलेली. सिंह, शिरस्त्राण घातलेली बाई, आणि चौकटीत उठावदार अक्षरांत नाव. हुद्दा नाही, मेल्यावर जनरल आणि शिपाई सारखे. (जिवंतपणी जेवणाच्या पंगतीसुद्धा वेगळ्या होत्या, हे आपलं जाता जाता.) कडेने इंग्रजीत मजकूर, की हा माणूस स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मेला. कोणाचं स्वातंत्र्य, हा प्रश्न घरात ज्याला इंग्रजी आलं त्याला पडला असणार. ज्यांना येत नव्हतं त्यांनी ती ताटली तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली. गोरे सैनिक तिला मेलेल्याचा पैसा म्हणत. पैसा तो नव्हताच, मोडीच्या भावात तर अजिबात नाही.

फीत. सगळ्यात आधी जाते. त्याच युद्धाच्या विजय-पदकाची फीत इंद्रधनुषी, मधोमध लाल. रेशीम कुजतं, उंदीर नेतो, पोरं राखीला लावतात. नवी फीत आता विकत मिळते, हौशी लोक तीच लावतात. मला ती लावलेला बिल्ला म्हणजे म्हाताऱ्याने केस काळे केल्यासारखा दिसतो.

डिस्चार्जचा कागद. उंची, छातीवरचा तीळ, कपाळावरचा व्रण, गाव, तालुका, जात, कुठल्या कुठल्या मोहिमा, चालचलन कशी. खाली अंगठा. ज्याचा फोटो कधी निघाला नाही त्याचं एवढंच रूप शिल्लक. घडीवर आठ तुकडे होतात. पुढची पिढी मायेने लॅमिनेशन करते आणि कागद त्या प्लॅस्टिकमध्ये पिवळा होत गुदमरतो. विलायतेचंही फार बरं नव्हतं. १९४० च्या सप्टेंबरात लंडनमधल्या गोदामावर बॉम्ब पडला आणि पहिल्या युद्धातल्या ब्रिटिश शिपायांचे निम्म्याहून अधिक सेवाकागद जळाले. लाहोरच्या संग्रहालयात मात्र पंजाबच्या गावोगावच्या रंगरुटांच्या वह्या शंभर वर्षं पडून होत्या. तीन लाखांवर नावं. २०२१ पासून ती लोकांना बघता येऊ लागली, आणि नातवंडांना आजोबा सापडू लागले.

पाटी. गावच्या चावडीवर किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवराचा तुकडा: या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, त्यांपैकी इतकी मेली. पुन्हा आकडेच. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचा मेलेल्यांचा आकडा ४६, आणि त्या गावाने तो जपला. गावाच्या नावापुढे मिलिटरी लागलं. इतर ठिकाणी दर दिवाळीला चुन्याचा हात फिरतो. दोनचार हातांत अक्षरं भरतात.

हिंदुस्थानच्या नकाशाचा बिल्ला. दुसऱ्या युद्धाचा, देशातच तीन वर्षं चाकरी केलेल्यांसाठी. मागे अखंड हिंदुस्थानची बाह्यरेषा आणि खाली १९३९-४५. लोकांच्या हाती पडेपर्यंत नकाशा जुना झाला होता. या युद्धातले पळसगावचे यशवंत घाडगे आणि निमजचे नामदेव जाधव, दोघेही मराठा पलटणीचे, दोघांचा व्हिक्टोरिया क्रॉस इटलीतला. त्यांची नावं आहेत, पुतळा आहे, पुस्तकात ओळ आहे. यादीत त्यांना घ्यायचं कारण नाही.

बक्कल. पोलिसाच्या पट्ट्याचं, पितळी, नंबरासकट. नाव गेलं तरी बक्कल नंबर लक्षात राहतो असे जुने हवालदार मी पाहिलेत. त्यांची पदकं मात्र बाजारात कमी येतात, आणि आली तरी घरचे सोबत येत नाहीत. पलटणीतला आजोबा दिवाणखान्यात टांगता येतो. १९४२ साली खाकीत असलेला आजोबा ट्रंकेच्या तळाशी राहतो. त्याने लाठी चालवली की नजर चुकवली, हे पदकावर लिहिलेलं नसतं. म्हणून त्याचे कागद आधी चुलीत जातात. माझ्या लेखी तेच जास्त दुर्मिळ आणि जास्त वाचण्याजोगे.

कानस. ही यादीतली एकमेव वस्तू जी नाहीशी होत नाहीये. नाव ठोकलेली कड कानशीने गुळगुळीत करायची आणि तिथे भाव येईल असं दुसरं नाव ठोकायचं, हा धंदा जुना आहे. संग्राहक खिशात कॅलिपर ठेवतात. ३६ मिलिमीटरला अर्धा मिलिमीटर कमी भरला, की कोणाचं तरी नाव खरवडलं गेलंय.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी, मुंबईच्या चोरबाजारात शुक्रवारी, हे सगळं चादरीवर पसरलेलं असतं, कुलपं आणि ग्रामोफोनच्या सुयांच्या मध्ये. विकणाऱ्याला दोष देत नाही. घरात खायला नसताना बिल्ला पुजायचा कोणी?

तुमच्या घरी असेल तर विका, मोडा, तुमची मर्जी. फक्त त्याआधी चिंच-राखेने घासू नका, आणि भिंगातून कड वाचून नंबर, नाव, पलटण वहीत उतरवून ठेवा. स्पेलिंग दुरुस्त न करता.