हरवलेले प्रथिन

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून पुन्हा लाल जाऊ लागले, तर आमच्या भगिनी त्याला उष्णता म्हणतात आणि मौन पाळतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी आता थोडेफार बोलले जाते. गर्भाशयाच्या आतील अस्तराच्या कर्करोगाविषयी जवळजवळ नाहीच. वास्तविक तो बहुधा याच रक्तस्रावाने आपली वर्दी देतो, आणि तीही पुष्कळदा वेळेवर देतो.

सेलूच्या एका भगिनीने असेच तीन महिने काढले. लेकीच्या हट्टामुळे अस्तराचा तुकडा तपासणीस गेला, आणि छत्रपती संभाजीनगरहून आलेला इंग्रजी अहवाल घेऊन मायलेकी आमच्याकडे आल्या. बाईंचे बोट एकाच शब्दावर होते. "फादर, इथं 'लॉस' लिहिलंय म्हणे. माझं काय गेलं?"

सेमिनरीने आम्हांस लॅटिन शिकवले, पेशीविज्ञान नव्हे. एका परिचित डॉक्टरांना विचारून आम्ही सांगितले ते असे. पीटेन नावाचे प्रथिन पेशींच्या वाढीला लगाम घालते. काचपट्टीवरील तुकड्यावर रंगाची प्रक्रिया केली, की जेथे हे प्रथिन असते तेथे तपकिरी छटा उमटते. बाईंच्या तुकड्यात भोवतालच्या पेशी तपकिरी झाल्या. ग्रंथींचा एक दाट पुंजका मात्र फिकाच राहिला. पॅक्स-२ हे दुसरे प्रथिनही तेथे नव्हते. ही कर्करोगाची पूर्वावस्था. केवळ रंगावरून निदान होत नाही, हेही खरे, कारण निरोगी ग्रंथींतूनही पीटेन कधी हरपते. ग्रंथींची दाटी आणि पेशींचे पालटलेले रूप तज्ज्ञाच्या डोळ्यांनाच पारखावे लागते.

लेकीचा प्रश्न निराळा होता : "मलाही होईल का?"

१८९५ साली अमेरिकेतील मिशिगन येथे शिवणकाम करणाऱ्या एका स्त्रीने डॉ. आल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितले होते, की आमच्या घरातील माणसे पोटाच्या वा गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, मीही तशीच जाईन. ती गर्भाशयाच्याच कर्करोगाने गेली. अशा आनुवंशिक दोषाला आज लिंच सिंड्रोम म्हणतात. जनुकांची नक्कल होताना पडणाऱ्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिने आहेत. त्यांपैकी एखादे हरपले, तर या दोषाचा शोध घेतात. बाईंच्या अहवालात चारही शाबूत होती. लेकीची भीती पुष्कळ उणावली.

डॉक्टरांनी गर्भाशय काढण्याचा सल्ला दिला आहे, कारण अशा पूर्वावस्थेशेजारी कर्करोग दडून असण्याचा संभव बराच असतो. कापसाची वेचणी उरकेपर्यंत थांबले तर चालेल का, असे बाईंनी विचारले. आम्ही नको म्हटले.