अंबाडी, जर्मल आणि मी

परवा आईनं अंबाडीची भाजी केली आणि जर्मलचं पातेलं घासायला मी बसलो. (हो, मीच! हसू नका!) बघतो तर काय, पातेलं आतून चांदीसारखं लखलखीत! आमच्या बोअरच्या जड पाण्यानं ते बाराही महिने काळंकुट्ट असतं. अजून घासणी लावलीही नव्हती, आणि लखलखीत!

"आई, हे कुणी घासलं?"

"आरं, अंबाडीनं निघतंय ते. चिंचेनं बी निघतंय. मी जलमभर बघते, तुला आज दिसलं व्हय?"

मला आज दिसलं! वय वर्षं ४४! आणि मग मनात आलं, की पातेल्यावरून जे निघालं ते गेलं कुठं? भाजीत! आणि भाजी? पोटात! तीन भाकरींबरोबर! मी तिथंच मोरीत थिजलो.

आधीच सांगून ठेवतो, मी दुकानांचे हिशेब लिहिणारा माणूस. दहावीला विज्ञानात ३९ मार्क, त्यातलेही चार सरांनी दयेनं दिलेले. पण त्या रात्री झोप कुठली! वाचत बसलो आणि मग एकेक असं निघत गेलं की दोनदा उठून पाणी प्यायलो, आणि दुसऱ्यांदा प्यालेलं पाणीही आता संशयास्पद वाटू लागलं!

पहिली गंमत. आपण ज्याला जर्मल म्हणतो ते ॲल्युमिनियम. आणि नावानं त्याचं भावंड वाटणारं 'जर्मन सिल्व्हर' म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल! त्यात ॲल्युमिनियम नाही, चांदीही नाही! बरं, हे ॲल्युमिनियम आहे तरी कुठं? कुठं नाही ते विचारा! पृथ्वीच्या कवचाच्या वजनात सुमारे ८ टक्के, धातूंमध्ये पहिला नंबर, लोखंडापेक्षाही जास्त! औशाच्या किल्ल्याच्या काळ्या दगडात ते, शिवारातल्या काळ्या मातीत ते, चहाच्या पत्तीत ते (चहाचं झुडूप जमिनीतून ते ओढून पानात साठवतं!), पित्तावरच्या कित्येक गोळ्यांत ते, आणि न्हाव्याच्या पेटीतल्या तुरटीतही तेच!

तुरटी! आता इथं जरा जवळ सरका. टँकरचं गढूळ पाणी आलं की आजी घागरीत तुरटी फिरवायची, आठवतं? तुरटीतलं ॲल्युमिनियम पाण्यात सुटतं, मातीच्या कणांना एकत्र आणतं, त्याचे कापसासारखे पुंजके होतात आणि गाळ घेऊन तळाला बसतात. आणि तो गाळ कशाचा? काळ्या मातीचा, म्हणजे त्यातही ॲल्युमिनियम! ॲल्युमिनियमनं ॲल्युमिनियम खाली बसवायचं आणि वरचं पाणी जर्मलच्या पातेल्यात उकळायचं! आजीला सांगायला हवं होतं!

आणि मग कळलं, की हीच घागर आपल्या पोटात आहे! खरंच! जठरातल्या आम्लात ॲल्युमिनियम विरघळतं, पुढं लहान आतड्यात गेलं की आम्ल कमी होतं, तिथं त्याचा बराचसा भाग पुन्हा न विरघळणारा होतो आणि मुकाट्यानं संडासवाटे बाहेर! अन्नातलं रक्तात शिरतं ते साधारण ०.१ टक्का, पाण्यातलं ०.३ टक्के. माझ्या वहीत लिहायचं तर आवक हजार, जमा एक! असा कारकून मला मिळाला असता तर!

पण हे मोजलं कसं? ॲल्युमिनियम तर प्रयोगशाळेच्या धुळीतही! मग शास्त्रज्ञांनी ॲल्युमिनियम-२६ आणलं, निसर्गात जवळजवळ न सापडणारं, ७ लाखांहून जास्त वर्षं अर्धायुष्य असलेलं, आणि त्याचा कणभर माणसांना पाजला, आणि मग लघवीतले त्याचे अणू मोजले. अणू! मोजले! मला महिनाअखेरीची रोकड जुळवता येत नाही!

रक्तात शिरलेलं ॲल्युमिनियम लोखंड वाहणाऱ्या प्रथिनाच्या जागेवर बसतं. लाल परीत दुसऱ्यानं रुमाल टाकलेल्या सीटवर बसावं तसं! किडन्या त्याला ओळखतात आणि बाहेर काढतात. उरलंसुरलं मुख्यतः हाडांत जातं. धडधाकट माणसाच्या अख्ख्या अंगात ते जेमतेम ३० ते ५० मिलिग्रॅम!

म्हणजे भीती फुकटच? तसंही नाही. आता आवाज जरा खाली आणतो. १९७०च्या दशकात परदेशात डायलिसिसवरच्या रुग्णांची बोलण्याची शक्ती गेली, स्मृती गेली, हाडं ठिसूळ झाली. डायलिसिसच्या पाण्यात ॲल्युमिनियम होतं आणि ते आतड्याला चुकवून थेट रक्तात जात होतं. बाहेर काढणारी किडनी तर आधीच बंद. म्हणून आता डायलिसिसचं पाणी खास शुद्ध करतात. जर्मलच्या भांड्यांनी म्हातारपणचं विस्मरण येतं, असं मात्र सिद्ध झालेलं नाही.

आणि शेवटचा धक्का लिंबाचा! लिंबातलं सायट्रिक आम्ल ॲल्युमिनियमला आतड्यात खाली बसूच देत नाही, विरघळलेलंच ठेवतं, म्हणून जास्त आत शिरतं! मी वर्षानुवर्षं पित्ताची गोळी लिंबूसरबताबरोबर घ्यायचो! आणि एकेका गोळीतलं ॲल्युमिनियम माझ्या अंबाडीपेक्षा कितीतरी जास्त!

सकाळी सहाला आईला उठवून हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, अंबाडी-चिंचेसाठी स्टीलचं पातेलं खाली काढलं, जर्मलचं दुधाला ठेवलं आणि म्हणाली, "झालं? आता झोपू दे."

तुम्ही मात्र झोपू नका! उठा, घरातल्या पित्ताच्या गोळीचं पाकीट शोधा, मागं बारीक अक्षरात 'ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड' लिहिलंय का बघा, आणि घरात कुणाला किडनीचा त्रास असेल तर ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.